तिसऱ्यांदा विचारायचं असतं

मित्रांनो, मी बिडाची एक जुनी हंडी आहे. मला तीन आखूड पाय आहेत, दोन कान आहेत आणि वर एक जड, सपाट झाकण आहे. झाकणासकट माझं वजन अकरा किलो भरतं. आयर्लंडमधल्या आमच्या वेस्ट कॉर्कमध्ये मला बास्टिबल म्हणतात. तुम्ही हंडीच म्हणा, मला चालेल. फक्त कुंडी म्हणू नका. त्या शब्दाचा मला राग येतो, आणि का येतो ते पुढे येईलच.

मला बोलता येत नाही, याचं एरवी फारसं वाईट वाटत नाही. बिडानं बोलायचं नसतं, तापायचं असतं. पण माझ्या शंभर वर्षांच्या आयुष्यात एक दुपार अशी आली, की दोन वाक्यांपुरती तरी जीभ मिळावी असं मला वाटलं. सतरा माणसं भुकेली बसली होती, समोर टेबलभर खाणं होतं आणि कुणी कशाला हात लावत नव्हतं. मला कारण माहीत होतं. एकट्या मलाच माहीत होतं. ती दुपार आठवली की अजूनही माझं झाकण खडखडतं.

पण आधी थोडं मागे जाऊ या.

माझा जन्म १९२४ साली कॉर्क शहरातल्या एका ओतशाळेत झाला. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं, ते निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर आले. साच्याचे दोन भाग जिथे जुळत होते तिथली बारीक रेघ अजून माझ्या पोटावर आहे. एका घोडागाडीतून मी डोंगरावरच्या हर्ली कुटुंबाच्या घरी पोहोचले. ॲबिना नावाची मुलगी तिथे नुकतीच लग्न होऊन आली होती. तिच्या आईनं मला तिच्यासोबत पाठवलं होतं.

बीड हळूहळू तापतं आणि हळूहळू निवतं. माझा सगळा मोठेपणा एवढाच. चुलीवरच्या लोखंडी आकड्याला मला टांगायचे. खाली दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे निखारे, आणि चिमट्यानं उचलून झाकणावर ठेवलेले आणखी निखारे. त्यामुळे आतला पाव खालून आणि वरून सारखाच भाजला जायचा. ॲबिनाचा पाव साधा होता. गव्हाचं पीठ, मीठ, सोडा आणि आंबट ताक. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की त्याच क्षणी वायू तयार व्हायला लागतो. तो कुणासाठी थांबत नाही. म्हणून पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं आणि ताबडतोब माझ्यात टाकायचं. ॲबिना वरून सुरीनं फुलीसारखी खोल चीर द्यायची. आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी, असं ती मुलांना सांगायची. माझं म्हणणं असं, की गोळ्याचा मधला भाग जाड असतो, चीर दिली की उष्णता तिथपर्यंत पोहोचते. पण ॲबिनाचा पाव माझ्या म्हणण्यामुळे नव्हे, तिच्या हातामुळे चांगला व्हायचा, हेही मी मान्य करते.

आता एक नियम सांगते. तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या डोंगरावर कुणाला चहा घेणार का विचारलं, तर उत्तर येतं, “नको.” याचा अर्थ नको असा नसतो. मी चुलीवर टांगलेल्या अवस्थेत हे हजारो वेळा पाहिलं आहे. पहिलं ‘नको’ केवळ रीत म्हणून असतं. दुसरं ‘नको’ यजमान मनापासून विचारतो आहे की तोंडदेखलं, हे पाहण्यासाठी. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे येतं ते खरं उत्तर. ते बहुधा असं असतं: “बरं, अगदी थोडासा.” थोडासा म्हणजे तीन कप. पहिल्याच फटक्याला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा यजमान चिक्कू. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मुलं चालायला शिकतात तसं हेही शिकतात.

ॲबिना या आग्रहात पहिल्या नंबरची होती. पाहुण्याचं दुसरं ‘नको’ पूर्ण व्हायच्या आत तिनं पाव कापलेला असायचा.

पण एकदा तिचं तिसऱ्यांदा विचारणं राहून गेलं.

१९५७ सालचा एप्रिल. तिचा मुलगा फाख्तना बोस्टनला निघाला होता. वय वर्षं वीस. सूटकेस दाराशी होती आणि खाली रस्त्यावर गाडी थांबली होती. ॲबिना म्हणाली, “राहा की रे. इथंही कामं आहेत.”

“नको गं आई. ठरलंय आता.”

ती पुन्हा म्हणाली, “राहा रे.”

“नको,” तो म्हणाला. पण त्यानं सूटकेस उचलली नाही. तो उभाच राहिला. मी बघत होते, तो उभाच होता.

आणि नेमका त्याच क्षणी माझ्यातून जळका वास आला. त्याला वाटेत खायला म्हणून ठेवलेला पाव खालून करपत होता. ॲबिना चटकन वळली, तिनं मला आकड्यावरून उतरवलं, झाकण काढलं, पाव उलटून पाहिला. ती परत वळली तेव्हा दारात सूटकेस नव्हती.

तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो राहिला असता का? मला माहीत नाही. जे एकदाच घडलं त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण तो करपलेला वास माझा होता, हे मी विसरलेले नाही. दर मार्चमध्ये ॲबिना त्याला पाकिटातून शॅमरॉकची हिरवी तीन-पानी जुडी पाठवायची, सतरा मार्चला, आमच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला, कोटाला लावायला. तो परत आला नाही.

ॲबिनानंतर घर तिची मुलगी डिंपना हिच्याकडे आलं. डिंपना चांगली बाई होती. ती एकटी राहायची आणि तिनं विजेची भट्टी घेतली. भट्टीचं बटण फिरवलं की हवं तेवढं तापमान मिळतं, मग अकरा किलोची हंडी कोण उचलणार? तिनं मला फाटकाशी ठेवलं आणि माझ्यात माती भरून जिरॅनियमची लाल फुलं लावली.

कुंडी! पोटात ओली माती, वर पाऊस आणि अंगभर गंज. पाणी निचरायला तळाला भोक हवं म्हणून शेजारचा मर्टी मिनिहेन ड्रिल घेऊन आला. त्यानं निम्मं भोक पाडलं, तेवढ्यात त्याला आतून चहाला बोलावलं. “नको, नको,” म्हणत तो गेला, तीन कप प्यायला आणि भोकाचं विसरून घरी गेला. ते अर्धं भोक अजून माझ्या तळाला आहे. आग्रहाच्या रीतीनं मला वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही. पण तशीच मी फाटकाशी बावीस वर्षं काढली. येणारे-जाणारे म्हणायचे, “काय सुंदर फुलं!” हंडीबद्दल एक शब्द नाही.

डिंपना गेली आणि तिनं घर भावाच्या मुलीच्या नावावर केल्याचं कळलं. फाख्तनाची मुलगी रोझलीन. अठ्ठावन्न वर्षांची, बोस्टनमध्ये तीस वर्षं औषधं मोजून देण्याचं काम केलेली. ऑक्टोबरमध्ये ती टॅक्सीतून फाटकाशी उतरली, घराकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

“तूच ना ती?” ती मला म्हणाली. “बाबा सांगायचे.”

मित्रांनो, बावीस वर्षांत मला कुणी तू म्हटलं नव्हतं.

तिनं फुलं दुसरीकडे लावली, मला घासलं, गंज काढला. मग तिनं मला तेल लावलं. एकच थर, पण इतका जाड, की तापवल्यावर माझं अंग गुळासारखं चिकट झालं. तिनं सगळं खरवडून काढलं, कुठेतरी वाचलं आणि मग तेलाचा अगदी पातळ हात दिला, तापवलं, निववलं. पुन्हा पातळ हात. पुन्हा तिसऱ्यांदा. तेव्हा कुठे माझ्यावर काळा, गुळगुळीत थर बसला. बाई हुशार होती. चूक झाली की वहीत लिहून ठेवायची. पहिले चार पाव दगड झाले, कारण ती दहा मिनिटं पीठ मळत बसायची आणि तोवर सगळा वायू निघून जायचा. पाचव्याला तिला उमगलं.

पण माणसांचं काही तिला उमगेना. रस्त्यावरून जाताना सगळे हात हलवायचे, ‘या एकदा’ म्हणायचे. ती जायची नाही, कारण दिवस आणि वेळ कुणी सांगितलेली नसायची. आणि तेही यायचे नाहीत, कारण नव्या माणसानं आधी दार ठोठावावं असं त्यांना वाटायचं. असा सगळा हिवाळा गेला. फेब्रुवारीत तिनं भावाला फोन केला. मी चुलीवर होते, सगळं ऐकलं.

“तिकीट काढलंय,” ती म्हणाली. “अठ्ठावीस मार्चचं. नाही रे, कुणी वाईट वागत नाही. तेच तर! कुणी काहीच वागत नाही. सेंट पॅट्रिकच्या दिवशी सगळ्यांना घरी बोलावते. घरचं खाणं, घरचं पेय, सगळं नीट करते. तेव्हाही हे असंच वाटलं ना, तर घर बंद करून येते.”

घर बंद. म्हणजे मी पुन्हा फाटकाशी.

मग सुरू झाली तयारी, आणि सुरू झाला माझा वैताग. बाईसाहेब आयर्लंडमध्ये बसून आयरिश पद्धतीची पार्टी करणार होत्या! छताला हिरव्या कागदी माळा. हिरव्या टोप्या. लिंबू सरबतात हिरवा रंग, का तर बोस्टनमध्ये तसं करतात. सरबत इतकं हिरवं झालं की ते भिंतीला लावता आलं असतं. आल्याचं पेय तिनं दोन आठवडे बाटल्यांत मुरवलं, त्यातली एक बाटली फुटून तिचं बूच माझ्या झाकणावर येऊन आपटलं. पण बाकीचं, मान्य करते, उत्तम होतं. बटाट्याच्या पोळ्या, सफरचंदाचा केक, डिंपनाच्या कपाटात सापडलेली रानबोरांची गडद लाल दारू, कॉफीत घालायला व्हिस्की आणि वर फेटलेली साय. आणि माझ्यातला पाव. त्या दिवशी तो असा फुलला होता की ॲबिनानं कापायच्या आधी क्षणभर थांबून पाहिला असता.

सकाळी गावातली ट्रॅक्टरांची मिरवणूक झाली आणि चार वाजता सतरा माणसं आली. सगळ्यांच्या कोटाला शॅमरॉक, सगळ्यांच्या पोटात भूक. कारण मित्रांनो, हे उपासाचे दिवस असतात. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस कुणी गोड सोडतं, कुणी दारू. फक्त सेंट पॅट्रिकच्या दिवशी सुटी. मर्टी मिनिहेननं तर उपास सुरू झाल्यापासून थेंब घेतला नव्हता. त्याला या चार वाजण्याची वाट पाहता पाहता म्हातारपण आलं होतं.

त्याची बायको कन्सेप्टा पुढे होती. एकाहत्तर वर्षांची, डिंपनाची जिवाभावाची मैत्रीण आणि जिभेला धार.

“घर छान ठेवलंयस हो पोरी,” ती म्हणाली. मग माळांकडे पाहून, “हिरवं केलंयस अगदी.”

“थँक्यू! कन्सेप्टा, तुम्हाला चहा देऊ? पाव? केक?”

“छे छे, नको. आत्ताच जेवलो आम्ही.”

खोटं. साफ खोटं. त्या घरात सकाळपासून चूल पेटली नव्हती, मुद्दाम.

“बरं,” रोझलीन हसून म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मी हादरले. बरं? बरं काय? विचार ना पुन्हा!

“मर्टी, तुम्ही? कॉफी करू, व्हिस्की घालून?”

मर्टीच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. कन्सेप्टा त्याच्याकडे बघत होती. “नको,” तो कसाबसा म्हणाला. “कशाला उगाच त्रास.”

“नक्की?”

हे ऐकून मला आशा वाटली. हे जवळजवळ दुसऱ्यांदा विचारणं होतं.

“नक्की,” मर्टी म्हणाला. त्याचे डोळे मात्र बाटलीवर होते.

“ठीक आहे. काही लागलं तर सांगा हं!”

काही लागलं तर सांगा! आमच्या डोंगरावर असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

ती एकेकाला विचारत गेली. पोस्टमन डेक्लन, नको. शाळेच्या बाई, नको. सतरा माणसं, सतरा ‘नको’. आणि प्रत्येक ‘नको’वर ती “बरं” म्हणून पुढे सरकली. तिची चूक नव्हती हो. तीस वर्षं तिनं लोकांना औषधं दिली होती. तिथे माणूस नको म्हणाला तर त्याला पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान. ती प्रत्येकाच्या ‘नको’चा मान राखत होती. आणि हे सगळे तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते. दोन्ही बाजू इतक्या सभ्य, की मध्ये टेबलभर खाणं थंड होत होतं. हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

अर्धा तास गेला. हवेबद्दल बोलून झालं. मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरांबद्दल बोलून झालं. पुन्हा हवेबद्दल बोलणं सुरू झालं. रोझलीननं पदार्थ सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर फडकी टाकली. ती फडकी पडताना सतरा जोडी डोळ्यांनी त्यांना निरोप दिला.

डेक्लन मर्टीच्या कानाशी कुजबुजला. “झाकलंन् रे सगळं.”

“बघितलं मी. आंधळा नाहीये,” मर्टी पुटपुटला. त्यानं कोटावरचा शॅमरॉक चाचपला. दिवसाच्या शेवटच्या पेल्यात तो बुडवायची रीत असते. “हा कशात बुडवू आता? पावसात?”

“बोस्टनची माणसं अशीच असतात म्हणे. दाखवायला ठेवतात.”

“गप रे. ऐकेल ती.”

तिनं ऐकलं नाही. ती चुलीशी माझ्याजवळ उभी होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती मला हळूच म्हणाली, “मी प्रयत्न केला गं.”

मी तापून लाल झाले असते, पण निखारे कमी होते.

शेवटी कन्सेप्टा उठली. “चला, गाई वाट बघत असतील. फार छान झाली हो पार्टी.” खुर्च्या सरकल्या. कोट शोधले जाऊ लागले. रोझलीननं सगळ्यांकडे पाठ केली, माझं झाकण काढलं, तो सुंदर पाव दोन्ही हातांनी उचलला आणि कोंबड्यांच्या बादलीत टाकला.

कन्सेप्टा निरोपाचा हात हातात घ्यायला वळली होती. तिनं ते पाहिलं.

“अगं ए! काय करतेस?”

“कोंबड्यांना घालते,” रोझलीन म्हणाली. “वाया कशाला घालवू. कुणालाच नको होता.”

“कुणाला नको होता?”

“तुम्हाला! सगळ्यांना! मी विचारलं ना एकेकाला. सगळे नको म्हणालात.”

“बरं, मग?”

“मग काय मग? नको म्हणजे नको!”

मर्टीचा एक हात कोटाच्या बाहीत होता, तो तसाच राहिला.

“नको म्हणजे नको?” तो हळूच म्हणाला. “कधीपासून?”

“मर्टी, तू गप्प बस,” कन्सेप्टा म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. ती चुलीशी आली. “पोरी, तू एकदा विचारलंस.”

“हो.”

“एकदाच.”

“कितीदा विचारायचं असतं?”

एकाहत्तर वर्षांत कन्सेप्टाला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं कधी मोजलं नव्हतं. मी मोजलं होतं! तीन! तीन, तीन, तीन! पण मला कोण विचारतंय.

“तीनदा असावं बहुतेक,” शाळेच्या बाई म्हणाल्या.

“तुझ्या बापानं सांगितलं नाही कधी?” कन्सेप्टानं विचारलं.

रोझलीननं मान हलवली. “बाबा पहिल्यांदाच हो म्हणायचे. कशालाही. म्हणायचे, तिकडं नको म्हटलं की पुन्हा कुणी विचारत नाही, म्हणून शिकलो.”

मग कन्सेप्टानं वाकून बादलीतून पाव उचलला, पदराला पुसावा तसा आपल्या स्वेटरला पुसला आणि टेबलावर ठेवला. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बसली.

“विचार मला. पहिल्यापासून.”

“कन्सेप्टा, चहा घेणार?”

“छे, नको.”

रोझलीन थांबली. सगळे पुढे झुकले. मीसुद्धा, जमेल तेवढी.

“घ्या ना. केलाय मी.”

“नको गं. तुला उगाच त्रास.”

“त्रास कसला! आधण ठेवलंयच. पाव पण गरम आहे. घ्याच!”

“बरं,” कन्सेप्टा म्हणाली. “अगदी थोडासा.”

खोलीत जो सुस्कारा सुटला, त्यानं चुलीतली राख उडाली. रोझलीन मर्टीकडे वळली. “मर्टी, कॉफी? व्हिस्की...”

“हो!” मर्टी ओरडला.

“लाज नाही मेल्याला!” कन्सेप्टा म्हणाली, आणि मग जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही.

पुढचा तासभर रोझलीननं आग्रहाचा कहर केला. वहीत लिहिल्यासारखं प्रत्येकाला तीनदा. पोस्टमन डेक्लनला तर केकसाठी चारदा विचारलं, शेवटी तो काकुळतीला आला. “बाई, मला साखर चालत नाही, डॉक्टरनं सांगितलंय.”

“त्यानं कारण सांगितलं की नाही?” कन्सेप्टा तोंडात घास घेऊन म्हणाली. “डॉक्टरचं नाव आलं की ते खरं नको. तिथं सोडायचं.”

“अच्छा,” म्हणत रोझलीननं खरोखरच वही शोधली. मर्टीच्या ‘थोडीशी’च्या तीन झाल्या. हिरवं सरबत मात्र कुणी घेतलं नाही. तिथे तिसरं ‘नको’सुद्धा खरं निघालं. पाव संपला, तेव्हा रोझलीननं घाईघाईत दुसरा गोळा केला, चीर दिली आणि माझ्यात टाकला. निखारे खाली, निखारे वर. मी कामाला लागले.

बशी ठेवायला उठलेल्या कन्सेप्टाला कपाटावर टेकवलेलं तिकीट दिसलं तेव्हा सहा वाजले होते. तिनं चष्मा लावून वाचलं.

“अठ्ठावीस तारीख? ही?”

रोझलीनचा हात किटलीवर थांबला. “हो.”

“परत कधीचं आहे?”

“परतीचं नाहीये.”

कन्सेप्टानं तिकीट होतं तिथे ठेवलं. “राहा की इथं,” ती म्हणाली. “घर आहे. आम्ही आहोत.”

“नको,” रोझलीन म्हणाली. “ठरलंय आता. भावाला सांगितलंय.”

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा येण्याची सोय असती तर आला असता. हेच शब्द. हीच जागा. मी याच आकड्यावर टांगलेली.

“राहा गं,” कन्सेप्टा पुन्हा म्हणाली.

“नको. मला खरंच...” रोझलीन बोलता बोलता थांबली. ती नुसती उभी राहिली. तिच्या बापासारखीच उभी.

आणि माझ्यातून जळका वास आला.

पुन्हा! पुन्हा मीच! खाण्यापिण्याच्या गोंधळात कुणीतरी माझ्याखाली जास्तीचे निखारे लोटले होते आणि माझ्या तळातला पाव करपत होता. बीड एकदा तापलं की पटकन निवत नाही. इतकी वर्षं ज्या गुणाचा अभिमान बाळगला तो त्या क्षणी माझ्याच मुळावर आला. मी सगळं बळ लावून निवायचा प्रयत्न केला. असा प्रयत्न करून काही होत नसतं, मला माहीत आहे.

“पाव!” रोझलीन म्हणाली आणि माझ्याकडे वळली. तिनं फडकं उचललं. तिचा चेहरा आता फक्त मला दिसत होता आणि तो चेहरा मी याआधी एकदा पाहिला होता, त्या दारात. मागे कन्सेप्टा उभी होती. रोझलीननं कारण सांगितलंच होतं, त्यामुळे ती दोनदा विचारून थांबली असती तरी रीतीत कुणाला चूक काढता आली नसती.

कन्सेप्टानं तिचा दंड धरला.

“जळू दे तो पाव,” ती म्हणाली. “इकडे बघ. राहतेस का?”

रोझलीनच्या हातात फडकं तसंच राहिलं. माझ्या झाकणाखालून निळा धूर निघत होता आणि सतरा माणसांपैकी एकही जण उठला नाही.

“बरं,” ती म्हणाली. “अगदी थोडे दिवस.”

“थोडे दिवस!” मर्टी पेला उंचावून म्हणाला. “ऐकलंत ना सगळ्यांनी? मी पण थोडीशीच म्हणालो होतो.” आणि त्यानं कोटावरचा शॅमरॉक काढून पेल्यात बुडवला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. त्या दिवशीच्या पावाचा तळ बोटभर कोळसा झाला होता. तो कापून टाकून वरचा भाग सगळ्यांनी लोणी लावून खाल्ला, आणि कन्सेप्टा म्हणाली की इतका वाईट पाव तिनं जन्मात खाल्ला नाही, आणखी एक तुकडा दे. माझा काळा थर तळाशी पुरता उतरला. रोझलीननं तो पुन्हा चढवला. पातळ हात, तीनदा.

अजूनही मला खूप गोष्टींचा वैताग येतो. दर मार्चमध्ये ती सरबत हिरवं करतेच. मर्टी दर वेळी माझा तळ उलटून पाहतो आणि म्हणतो, “हे भोक पुरं करायचं राहिलंय.” ते ऐकून माझं झाकण थरथरतं. पण मला आता मोठं मागणं काही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी हंडी किंवा तवा असेल तर धुतल्यावर ओला ठेवू नका, तेलाचा पातळ हात द्या, आणि एकदा देऊन थांबू नका. त्यात माती तर मुळीच भरू नका.

आणि कुणी दारात उभं असेल, नको म्हणालं असेल पण पाऊल उचललं नसेल, तर चुलीकडे वळू नका. मागून कसलाही वास येऊ दे. पाव पुन्हा भाजता येतो. मी आहे.